तोंडाने काही नाही

"पाणी," चिमणी म्हणाली, आणि त्याच्या हातातला ग्लास ओठांपर्यंत जाता जाता थांबला. ग्लासातलं पाणी हिंदकळून बोटांवर सांडलं. त्यानं ग्लास टेबलावर ठेवला आणि हात पँटला पुसला. कुणाच्या लक्षात आलं नाही. मेट्रनच्या खोलीत पाच माणसं बसली होती, डोक्यावर पंखा कुरकुरत होता आणि भिंतीवर नर्सिंग शाळेच्या ट्यूटरबाईंनी तीन मोठे कागद चिकटवले होते. त्यांनी एवढंच विचारलं होतं, की वॉर्डातला एखादा बारीकसा प्रश्न सांगा, म्हणजे तो या तिन्ही कागदांतून फिरवून बघता येईल. चिमणी ही बायकांच्या सर्जिकल वॉर्डातली सिस्टर. तिचं तोंड दिवसभर चालू असतं म्हणून सगळे तिला चिमणी म्हणत आणि आता तीही त्याच नावाला ओ देत असे. "ऑपरेशनच्या आधी पेशंट पाणी पाणी करतात," ती म्हणाली, "आणि आपण नाही म्हणतो. का नाही म्हणतो, असं कुणी विचारलं तर मी काय सांगू? माझ्या आधीची सिस्टर नाही म्हणायची, म्हणून मी म्हणते." मेट्रन हसल्या. "आणि तिच्या आधीची मी होते. म्हणजे गाडी माझ्याच दारात येऊन थांबली म्हणायची." सगळे हसले. तोही हसला. पण समोर पाणी असून त्याला ते उचलवेना.

त्याला सगळं हॉस्पिटल ब्रदर म्हणायचं. तीस वर्षं त्यानं नर्सिंगमध्ये काढली होती, त्यांतली बावीस पुरुषांच्या सर्जिकल वॉर्डात. या समितीवर त्याला घेतलं ते तेवढ्यासाठीच. काम तसं सरळ होतं. यापुढे हॉस्पिटलातली शुश्रूषा सवयीनं नको, पुराव्यानं व्हावी असं वरून ठरलं होतं. पण पुरावा म्हणजे काही औषधाच्या बाटलीसारखा कपाटातून काढून देता येत नाही. प्रश्न कुणी विचारायचा, त्याचं उत्तर कुठे शोधायचं, शोधलेलं खरं कशावरून मानायचं, आणि मानल्यावर ते वॉर्डात उतरवायचं कसं, याची एक ठरलेली वाट लागते. अशा वाटा दुसऱ्या लोकांनी आधीच आखून ठेवलेल्या आहेत, त्यांना मॉडेल म्हणतात, आणि त्यांतली एक आपल्यासाठी निवडायची आहे, असं ट्यूटरबाईंनी सांगितलं. ही बाई वयानं त्याच्या लेकीएवढी असेल. बोलताना ती खडूच्या हातानंच केस मागे सारायची आणि कपाळावर पांढरा पट्टा उठायचा.

पहिल्या कागदावर एक चांदणी होती, पाच टोकांची. ज्ञान एका टोकातून निघून दुसऱ्या टोकात जातं, वगैरे. दिसायला छान होती. दुसऱ्यावर नुसते तीन डबे होते, एकापुढे एक: प्रश्न, पुरावा, वापर. तिसरा कागद सर्वांत मोठा आणि सर्वांत गिचमिड. त्यावर बाण होते, बाणांतून फुटलेले बाण होते, मागे वळून पुन्हा पहिल्या जागी येणारे बाण होते, आणि वरच्या बाजूला पत्त्यांतल्या चौकटच्या एक्क्यासारखा एक तिरका चौकोन होता. त्यात लिहिलं होतं, 'हा प्रश्न आपल्या संस्थेसाठी महत्त्वाचा आहे का?' होय असेल तर बाण खाली जात होता. नाही असेल तर जिथून आला तिथे परत. मेट्रननी तेवढ्यात नावं पाडून टाकली: चांदणी, तीन डबे आणि एक्का. तो त्या एक्क्याकडे बघत राहिला. पाण्याचा प्रश्न इथवर येणार, मेट्रन विचारणार, महत्त्वाचा आहे का, आणि कुणीतरी म्हणणार, अहो, पेशंट मरताहेत तिकडे, पाण्याचं काय घेऊन बसलात. आणि बाण आला तसा माघारी. "हा नको," तो म्हणाला. "का हो?" ट्यूटरबाईंनी विचारलं. "फार बाण आहेत," तो म्हणाला.

भूल देणाऱ्या डॉक्टरांना नर्सा पाठीमागे अंगाई डॉक्टर म्हणत. ते कोपऱ्यात हाताची घडी घालून बसले होते. ते म्हणाले, "मॉडेल कुठलंही घ्या. पोटात पाणी घेऊन कुणी माझ्या टेबलावर आलं आणि ते फुप्फुसात उतरलं, तर मला झोप लागणार नाही." "तुम्ही दुसऱ्यांना झोपवता तेवढं पुरे आहे," मेट्रन म्हणाल्या. ट्यूटरबाई मात्र हसल्या नाहीत. बहुतेक पेशंटना भूल देण्याच्या दोन तास आधीपर्यंत साधं पाणी दिलेलं चालतं, त्या म्हणाल्या, आणि हे काल-परवाचं नाही, कित्येक वर्षं छापलेलं आहे, आपल्या लायब्ररीत खाली पडलेलं आहे. लायब्ररी तळमजल्यावर होती. मेट्रनची खोली पहिल्या मजल्यावर आणि बायकांचा सर्जिकल वॉर्ड दुसऱ्या. तो मनातल्या मनात पायऱ्या मोजत राहिला. मधल्या वळणासकट चव्वेचाळीस. तेवढ्या पायऱ्या चढून वर यायला त्या कागदाला कित्येक वर्षं लागली होती, आणि दीड वर्षापूर्वी तो अजून तळमजल्यावरच होता.

दीड वर्षापूर्वी त्याची बायको दुसऱ्या मजल्यावर, खिडकीपासून तिसऱ्या कॉटवर होती. मूत्रपिंडावर गाठ होती. ऑपरेशन सकाळी आठला ठरलं होतं. आदल्या संध्याकाळी आठला कॉटच्या दांडीला पत्र्याची पाटी लागली, 'तोंडाने काही नाही', आणि उशाचा तांब्या उचलून नेला गेला. सकाळी सात वाजता थिएटरमध्ये अपघाताची केस आली, मग तिच्यामागून दुसरी, आणि यादी सरकत गेली. साडेआठला ती म्हणाली, "अहो, दोन घोट द्या ना." तो त्या दिवशी रजेवर होता, घरच्या कपड्यांत, नातेवाइकांच्या स्टुलावर बसलेला. नुसता नवरा. पण अंगातला ब्रदर काही घरी राहिला नव्हता. "थोडा वेळ," तो म्हणाला, "आता नेतीलच." नऊला तिनं पुन्हा विचारलं. तिचे ओठ चिकटत होते, बोलताना मध्ये सुटायचे. ड्यूटीवर चिमणी होती. तिनं त्याला बाजूला घेऊन विचारलं, "ब्रदर, देऊ का दोन घोट? कुणी बघत नाहीये." आणि तो तिला म्हणाला, "नियम म्हणजे नियम. मीच मोडला तर बाकीच्यांना काय सांगणार?" नऊनंतर बायकोनं पाणी मागितलं नाही. तिला दुपारी तीनला नेलं. ऑपरेशनमधून ती बाहेर आली ती नळ्या लावूनच, आणि अकराव्या दिवशी गेली. गेली ती आजारानं. डॉक्टरांनी त्याला सगळं समजावून सांगितलं आणि त्याला ते पटलंही होतं, तो स्वतः त्याच धंद्यातला. पाण्यानं ती वाचली नसती. पण तिनं तोंडानं मागितलेली शेवटची वस्तू पाणी होती, आणि ती देता येण्यासारखी होती.

तेव्हापासून सकाळचं पाणी त्याच्या घशाखाली उतरत नसे. तोंड धुवायचं, चूळ भरायची, ते सगळं ठीक. पण ग्लासभर पाणी समोर घेतलं की हात तिथेच थांबायचा. रक्तदाबाची गोळी तो चहाबरोबर घ्यायचा. दुपारी एकदा जेवण झालं की मग सुरळीत.

रविवारी लेक आली. ती शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची आणि आठवड्यातून एकदा येऊन घर झाडल्यासारखं करायची. झाडण्यापेक्षा बापाला चाचपून जायची. दोन खोल्यांचं घर. पुढच्या खोलीत खिडकीशी शिलाई मशीन, त्यावर कापडाचं झाकण, आणि कपाटावर तपकिरी कागदांच्या गुंडाळ्या. त्याची बायको कोट आणि शर्ट शिवायची, आणि ज्याचं माप घेईल त्याचा कागद कापून जपून ठेवायची. प्रत्येक गुंडाळीवर पेन्सिलीनं काहीतरी लिहिलेलं असायचं. 'उंच मास्तर.' 'पोस्टमन, उजवा खांदा खाली.' 'दूधवाला, दर वर्षी एक इंच जास्त.' तिच्याकडे नमुन्यांचं एक जाड पुस्तकही होतं, पण त्यातून तिनं कधी जसंच्या तसं कापलं नाही. "पुस्तकातला माणूस माझ्या दारात कधी आलाच नाही," ती म्हणायची. पुस्तकातला नमुना घ्यायचा, समोरच्या अंगावर बेतायचा, कडेला चांगलं दोन बोटं कापड सोडायचं, कच्चा धावदोरा घालायचा आणि गिऱ्हाइकाला एकदा चढवून उभं करायचं. मग काखेत ओढतं, पाठीत फुगतं, ते दिसायचं. उसवायचं, पुन्हा धावदोरा. पक्की शिलाई सर्वांत शेवटी. तिला घाई केलेली चालत नसे. एकदा त्यानंच लग्नाला जायचं म्हणून घाई केली होती आणि त्या कोटाची डावी बाही शेवटपर्यंत वर चढायची. प्रत्येक वेळी ती बाही बघून ती नुसती हसायची, बोलायची नाही. बोलली असती तर परवडलं असतं.

"बाबा, या कागदांचं काय करायचं?" लेकीनं विचारलं. "राहू दे." "दीड वर्ष राहू दे राहू दे चाललंय. कसर लागेल." त्यानं एक गुंडाळी खाली काढली, उलगडली, उलटी केली आणि मशीनच्या फळीवर पसरली. पाठीमागची बाजू कोरी होती. मग खडूच्या चपट्या तुकड्यानं, बायकोच्याच, तो आठवेल तसा एक्का काढायला लागला. का काढतोय ते त्याला नीट सांगता आलं नसतं. तीन डबे चटकन झाले होते, चांदणीही झाली होती, पण हात पुन्हा पुन्हा त्या बाणांकडे जात होता. लेक चहाचा कप घेऊन शेजारी उभी राहिली. "हे काय, पत्त्यांचा डाव मांडलाय?" त्यानं तिला सांगितलं. खाली हा जो डबा आहे ना, यात एकाच वॉर्डात आधी करून बघायचं. जमलं का? नाही जमलं तर हा बाण मागे. दुरुस्त करायचं, पुन्हा बघायचं. जमलं तर मग सगळ्या हॉस्पिटलात. लेक कागदाकडे बघत म्हणाली, "म्हणजे आईचा धावदोरा." तिनं ते सहज म्हटलं आणि कप ठेवायला आत गेली. तो खडू हातात धरून बसून राहिला. बाकीच्या दोन कागदांत चढवून बघायची जागाच नव्हती. असेलही, ट्यूटरबाई म्हणाल्या असत्या की डब्याच्या पोटात आहे. पण दिसत नव्हती. आणि जे दिसत नाही ते वॉर्डात कुणी करत नाही, एवढं तीस वर्षांत त्याला कळलं होतं. प्रश्न त्या एक्क्याचा होता. तो तिरका चौकोन ओलांडल्याशिवाय धावदोऱ्यापर्यंत पोचताच येत नव्हतं.

लेक आतूनच म्हणाली, "आणि गोळी पाण्याबरोबर घेत जा. चहाबरोबर काय घेता लहान मुलासारखी." तो म्हणाला, "घेतो."

दुसऱ्या बैठकीला तीन आठवडे होते. मधल्या काळात पेशंट खरंच किती वेळ पाण्यावाचून राहतात ते मोजून आणा, असं ट्यूटरबाईंनी त्याला आणि चिमणीला सांगितलं. दोन्ही वॉर्डांतले मिळून चाळीस पेशंट. चिमणीनं वहीत रकाने आखले: शेवटचं पाणी कधी, पाटी कधी, भूल कधी. रोज ड्यूटी संपल्यावर दोघं जिन्याखालच्या बाकावर बसून वही पुरी करायची. सहाव्या दिवशी चिमणी पेन दातांत धरून म्हणाली, "ब्रदर, एक गंमत दिसतेय. नियम रात्री बाराचा आहे ना? छापील कागदावर बारा आहे. मग आपली सगळ्यांची पाटी आठला का लागते?" त्यानं वहीकडे पाहिलं. आठ. आठ. सव्वाआठ. आठ. एकाच हातानं लिहिल्यासारखे आकडे. "संध्याकाळची ड्यूटी जाताना लावून जाते," तो म्हणाला. "हो, पण का?" चिमणी म्हणाली, आणि मग स्वतःच उत्तर देऊन मोकळी झाली, "असेल कुणा शहाण्यानं काढलेलं." तिनं बेरीज केली. सरासरी पंधरा तास निघाले. सर्वांत जास्त एकवीस. ते एकवीसवाले आजोबा त्याच्याच वॉर्डातले होते, आणि त्यांनी एकदाही तक्रार केली नव्हती. त्यांना वाटलं होतं, ऑपरेशन म्हणजे असंच असतं.

तो शहाणा कोण ते त्याला माहीत होतं. बावीस वर्षांपूर्वी तो या वॉर्डात नवा होता, संध्याकाळच्या पाळीला. रात्रपाळीत एका माणसावर सगळा वॉर्ड, आणि बाराला पाटी लावायची एकदा राहून गेली. पेशंट पहाटे चहा पिऊन बसला, ऑपरेशन रद्द झालं, रात्रीच्या नर्सला सगळ्यांदेखत बोलणी बसली. तेव्हा त्यानं स्वतःच्या डोक्यानं सुरू केलं. आपण आठला घरी जाताना पाट्या लावून, तांबे उचलूनच जायचं. रात्रीच्या माणसाला घोर नको. सगळ्यांना ते इतकं आवडलं की महिन्याभरात शेजारच्या वॉर्डानं उचललं, वर्षात वरच्या मजल्यानं. जुन्या मेट्रननी त्याची पाठ थोपटली होती. घरी जाऊन त्यानं बायकोला सांगितलं होतं, तोंडभरून, आणि तिनं मशीन थांबवून ऐकलं होतं. छापील कागदावर बारा तसेच राहिले. कुणी बदलायची गरजच पडली नाही, कारण हे कुणी ठरवलेलंच नव्हतं. पुढचे पंधरा दिवस तो वॉर्डात पाट्यांसमोरून जाताना मान खाली घालून जायचा. वही चिमणीकडे होती. तिच्यात 'का' असा रकाना नव्हता. गप्प बसला असता तरी चाललं असतं. पंधरा तास हा आकडा त्याच्याशिवायही खराच होता. पण आकडा बघून अंगाई डॉक्टर म्हणणार, यादी लांबते त्याला नर्सिंग काय करणार, मेट्रन मान हलवणार, आणि ते चार तास, कुणीही न सांगता आपणच पेशंटच्या उशाशेजारून उचलून नेलेले चार तास, पाटीमागे लपून राहणार. बसमध्ये उभा असताना तो हे पुन्हा पुन्हा स्वतःशी घोळवायचा, आणि त्याचा थांबा दोनदा चुकला.

दुसऱ्या बैठकीत सगळ्यांचा कल तीन डब्यांकडे होता. एका पानावर मावतं, मेट्रन म्हणाल्या, पुढच्या महिन्यात तपासणीला लोक येणार आहेत, फ्रेम करून भिंतीला लावता येईल. "चांदणी फ्रेममध्ये जास्त शोभेल," अंगाई डॉक्टर म्हणाले. ट्यूटरबाईंना काय हवं होतं ते कळत नव्हतं. त्या सगळ्यांकडे आळीपाळीनं बघत होत्या. तो म्हणाला, "एक्का घ्या." मेट्रननी चष्मा खाली केला. "ब्रदर, मागच्या खेपेला तुम्हीच नाक मुरडलं होतंत. फार बाण आहेत म्हणून." "मुरडलं होतं," तो म्हणाला. "मला वाटलं होतं, तिथे आपला प्रश्न मरतो. महत्त्वाचा आहे का विचारलं की कुणीही नाही म्हणेल आणि संपलं. पण मी घरी बसून तो कागद काढला. नाही म्हणायचं तर तिथे कुणीतरी म्हणावं लागतं, मेट्रन. तोंडानं म्हणावं लागतं, लिहावं लागतं, खाली सही लागते. आपल्याकडे पाण्याला आजवर कुणी नाही म्हटलेलंच नाही. कुणी विचारलंच नाही. आठची पाटी कुणाच्या सहीशिवाय लागली आणि कुणाच्या सहीशिवाय बावीस वर्षं राहिली." "आठची कुठे? बाराची," अंगाई डॉक्टर म्हणाले. चिमणीनं वही त्यांच्याकडे सरकवली. त्यांनी पान उलटलं, अजून एक उलटलं. "हे आठ कुणी काढलं?" त्यांनी विचारलं. पंखा कुरकुरत होता. खिडकीतून स्वयंपाकघराच्या मोऱ्यांचा, भांड्यांचा आवाज येत होता. "मी," तो म्हणाला.

मग त्यानं सांगितलं. रद्द झालेलं ऑपरेशन, बोलणी खाल्लेली रात्रीची नर्स, तांबे, थोपटलेली पाठ. एवढं सांगून तो थांबणार होता. पण बोलायला लागल्यावर पुढचंही आलं, आणि ते त्यानं लेकीलाही सांगितलेलं नव्हतं. "माझ्या बायकोनं दोनदा पाणी मागितलं. मी दिलं नाही. नऊच्या सुमाराला तिनं त्या पाटीकडे बघितलं आणि म्हणाली, ही तुमचीच पाटी ना हो? तुम्ही सांगितलं होतंत. मग राहू दे. नाही मागत." तो टेबलाच्या कडेकडे बघत बोलत होता. "तिनं ते रागानं म्हटलं असतं तर बरं झालं असतं. तिनं माझा मान ठेवला."

चिमणी रडायला लागली होती. ती रडतानासुद्धा गप्प बसू शकत नव्हती. "मी द्यायला हवे होते. तुम्हाला न विचारता द्यायला हवे होते दोन घोट." "दिले असतेस तर एकीला मिळाले असते," तो म्हणाला. "रडू नकोस. तू विचारलं होतंस. त्या अख्ख्या वॉर्डात विचारणारी तू एकटीच होतीस." मेट्रननी ड्रॉवर उघडला, बंद केला, पुन्हा उघडून रुमाल काढला आणि चिमणीपुढे टाकला. अंगाई डॉक्टरांनी वही मिटून पुढ्यात ठेवली. ते म्हणाले, "कुणाला द्यायचं आणि कुणाला नाही, ती यादी मी करतो. आतडं अडलेलं, पोटुशी बाई, आयत्या वेळची केस, यांना नाही. बाकीच्यांना दोन तास आधीपर्यंत. पण नंबर पुढे आला तर मला आधी कळलं पाहिजे, आणि मागे गेला तर तुम्हाला. थिएटरमधून फोन करायचा. फोन कोण करणार ते माणसाच्या नावानिशी लिहा, नाहीतर फोन कुणीच करणार नाही. मी आमच्या लोकांना ओळखतो." ट्यूटरबाई पटापट लिहून घेत होत्या. मेट्रन उठल्या, भिंतीवरच्या एक्क्यापाशी गेल्या, त्यात पेनानं 'होय' लिहिलं आणि खाली लांबलचक सही केली. "दोन वर्षांनी घरी बसणार," त्या म्हणाल्या. "आजवर नाही नाही लिहूनच हात झिजला."

सहा आठवडे, एकच वॉर्ड, बायकांचा, असं ठरलं. जुन्या पाट्या उतरल्या. नव्या पाटीवर वर छापलं होतं, 'जेवण बंद', आणि खाली शाळेच्या पाटीसारखा काळा पट्टा, त्यावर खडूनं लिहायचं, 'पाणी इतक्या वाजेपर्यंत'. सगळं काही लगेच सुतासारखं सरळ झालं नाही. दुसऱ्याच दिवशी थिएटरमधला ठरलेला माणूस रजेवर गेला, फोन आला नाही, आणि एका बाईचं पाणी उगाच दोन तास बंद राहिलं. चिमणीनं ते लाल पेनानं लिहिलं. एरवी अशा वेळी वॉर्डात म्हणत, बघा, मी सांगत होते, हे जमायचं नाही. या वेळी ट्यूटरबाई वर आल्या, मागे वळणाऱ्या बाणावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "हे यासाठीच आहे." ठरलेल्या माणसाखाली दुसऱ्याचं नाव लिहिलं गेलं. काखेत ओढत होतं, उसवलं, पुन्हा धावदोरा घातला, एवढंच त्याच्या मनात आलं. रविवारी त्यानं लेकीला सगळं सांगितलं, पाटीचं आणि आईच्या शब्दांचंही. तिनं मशीनच्या झाकणावरून एकदा हात फिरवला. मग म्हणाली, "आईनं मान ठेवला नाही, बाबा. आई चिडवत होती तुम्हाला. त्या बाहीसारखं." असं असेल हे दीड वर्षात त्याच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. पण त्या क्षणी त्याला बायकोचे चिकटलेले ओठ दिसले, आणि ते एका कोपऱ्यात किंचित वर गेलेले होते. ते तसे होते की आपल्याला आता तसे हवे आहेत, हे त्याला सांगता येईना. त्यानं ते तसेच राहू दिले.

नव्या पाट्या लागल्याच्या चौथ्या दिवशी सकाळी तो आपल्या वॉर्डाचा चार्ज घ्यायच्या आधी दुसऱ्या मजल्यावर गेला. चिमणी म्हणाली होती, एकदा येऊन बघा तरी. खिडकीपासून तिसऱ्या कॉटवर एक बाई होती, चाळिशीतली, पित्ताशयाचं ऑपरेशन, यादीत तिसरा नंबर. पाटीवर लिहिलं होतं, 'पाणी साडेआठपर्यंत'. घड्याळात साडेसात झाले होते. शेजारी स्टुलावर तिचा नवरा बसला होता, शर्टाची बटणं एक घर चुकवून लावलेला. ती म्हणाली, "सिस्टर, थोडं पाणी मिळेल का?" आणि चिमणी वळायच्या आत नवराच म्हणाला, "अगं, नको. ऑपरेशन आहे. मागू नये. डॉक्टर रागावतील." "घसा सुकलाय हो." "थोडा वेळ धर. आता नेतीलच." ती खिडकीकडे बघायला लागली.

त्यानं कॉटची दांडी धरली. मग उशाचा तांब्या उचलला, ग्लासात निम्मं पाणी ओतलं आणि तिच्या हातात न देता नवऱ्यापुढे धरला. "तुम्ही द्या," तो म्हणाला. माणूस एकदा त्याच्याकडे, एकदा पाटीकडे बघत होता. "चालेल ना नक्की? नियम असतो ना?" "बदललाय," तो म्हणाला. "साडेआठपर्यंत चालतं. अजून तास आहे. द्या, हळूहळू." नवऱ्यानं ग्लास दोन्ही हातांनी घेतला. बाईनं मान उचलली, त्यानं तिच्या मानेखाली हात घातला, आणि ती प्यायली, मध्ये एकदा थांबून श्वास घेतला आणि पुन्हा प्यायली. हनुवटीवरून ओघळलेलं पाणी नवऱ्यानं शर्टाच्या बाहीनं टिपलं. "काय तुमची बटणं," ती म्हणाली, "धड लावता येत नाहीत." आणि हसली.

चिमणीनं वही पुढे केली, कारण ज्यानं पाणी दिलं त्यानं लिहायचं असं ठरलं होतं. त्यानं वेळ लिहिली, साडेसात. किती, तर अर्धा ग्लास. कुणी दिलं यासाठी वहीत नर्सच्या सहीचा रकाना होता, तो त्यानं मोकळा सोडला. कडेला दोन बोटं कोरी जागा होती, तिथे लहान अक्षरांत लिहिलं, 'नवऱ्यानं दिलं.' मग तांब्यात उरलेलं पाणी त्यानं दुसऱ्या ग्लासात ओतलं आणि चिमणीची बडबड ऐकत, तिथेच उभ्या उभ्या, सगळं पिऊन टाकलं.